चैत्रगौरीच्या आराशीतलं कलिंगडाचं कमळ संध्याकाळपर्यंत टिकत नाही? आधी हे तपासा

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसली की थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत मला एकाच तक्रारीचे फोन येतात. "कमळ छान जमलं होतं गं, पण बायका यायच्या आतच बसलं." हल्ली यात डोहाळजेवणं, मे महिन्यातल्या मुंजी आणि मुलांचे वाढदिवसही आलेत. कोरलेल्या फळांची आरास सगळ्यांनाच हवी असते, आणि सगळ्यांची फळं साधारण त्याच वेळी मान टाकतात.

मी हे धंदा म्हणून करत नाही. घर, नातं आणि सोसायटी एवढाच पसारा. पण १४ वर्षं दर उन्हाळ्यात कोरतेय आणि पहिली ३-४ वर्षं माझीही कमळं बसलीच. सगळ्यात फजितीचं म्हणजे जावेकडचं हळदीकुंकू. सकाळी नऊला कोरून मी कमळ चौरंगावर ठेवलं होतं. साडेपाचला पहिल्या सवाष्णी दारात आल्या, तेव्हा ते डावीकडे कललं होतं आणि ताटातलं लाल पाणी काठावरून ओघळून खाली चैत्रांगणात शिरलं होतं. सूर्य-चंद्र वाचले, कासव आणि गोपद्मं गेली. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, फक्त रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला.

फोन करणारी प्रत्येकजण "माझा हातच वाईट" इथून सुरुवात करते. हात क्वचितच वाईट असतो. कलिंगडाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९२ ग्रॅम पाणी असतं, आणि कोरणं म्हणजे त्या पाण्यावरचं झाकण आपणच शंभर ठिकाणी उघडणं. पुढे ते पाणी आत कसं ठेवायचं, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून तपासणीची सुरुवात घड्याळापासून करायची. सुरीचा नंबर बराच नंतर लागतो.

लक्षणं नीट ओळखा

"कमळ बसलं" या दोन शब्दांत निदान पाच वेगळे बिघाड लपलेले असतात.

- पाकळ्यांची टोकं आत वळलीत, हाताला रबरासारखी लागतात, पण ताट कोरडं आहे: फळ हवेने सुकलंय.
- पाकळ्या बऱ्या आहेत, पण ताटात लाल पाणी साचलंय: पाणी चिरेतून किंवा बुडातून सुटतंय. मीठ-मसाला, बोथट सुरी किंवा खोल कापलेलं बूड, यांतलं काहीतरी.
- गर काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो आणि बोट टेकवलं की पाणी येतं: फळ फ्रीजमध्ये गोठून सुटलंय.
- गर रवाळ, पिठूळ दिसतो आणि कोरतानाच टवके उडतात: कलिंगड जास्त पिकलेलं होतं.
- पाकळी मुळातून तुटते किंवा सगळं कमळ कलतं: कापण्यातला दोष.

आंबूस वास, फेस किंवा चिरेतून बुडबुडे दिसत असतील तर पुढचं काहीही तपासू नका, सरळ "कुठे थांबायचं" या भागावर जा.

१. घड्याळ (खर्च शून्य)

कमळ किती वाजता कोरलं आणि माणसं किती वाजता येणार? दहा फोनांपैकी सहा-सात इथेच मिटतात. सकाळी दहाला कोरून पाचच्या हळदीकुंकवासाठी उघडं ठेवलेलं फळ म्हणजे एप्रिलच्या कोरड्या हवेत सात तास. पुण्या-नाशकाकडे ते टोकांपासून सुकतं. मुंबई-कोकणात हवा दमट असल्यामुळे सुकणं कमी, पण आंबणं लवकर. उपाय दोन्हीकडे एकच: आदल्या रात्री कोरून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा, आणि पाहुणे येण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

"रात्रीचं शिळं नाही का दिसणार?" हा प्रश्न हमखास येतो. नाही दिसत. थंडीत आणि झाकणाखाली बारा तासांत जेवढं पाणी जातं, त्याहून जास्त उघड्यावर पंख्याखाली दोन तासांत जातं.

पण झाकणं म्हणजे झाकणं. बर्फ न साचणाऱ्या फ्रीजमध्ये आत पंखा असतो आणि तो कोरडी थंड हवा फिरवतो, त्यामुळे उघडं ठेवलेलं कमळ तिथेही सुकतं. ओलं करून घट्ट पिळलेलं मलमल आधी, त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म. फिल्म नसेल तर मोठं पातेलं पालथं घाला. फळ मागच्या भिंतीला किंवा हवेच्या झरोक्याला टेकवू नका. तिथे ते गोठतं, आतल्या पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर सगळं पाणी खाली येतं. ते काचेसारखं दिसणं हेच.

२. जागा (खर्च शून्य)

आरास मांडायची तिथे एक उदबत्ती लावा आणि पंखा, खिडकी, दार रोजच्यासारखं ठेवून धुराकडे बघा. धूर सरळ वर गेला तर जागा चांगली. तिरका पळाला तर तोच वारा तुमच्या पाकळ्या वाळवणार. आपण पाहुण्यांसाठी पंखा वाढवतो आणि गौरीसमोरचं फळ पापडासारखं वाळवतो, हे मला स्वतःला फार उशिरा लक्षात आलं.

एसीही हवा कोरडीच करतो, तेव्हा त्याच्या झोताखाली कमळ नको. समई फळापासून निदान दोन वीत लांब. व्हिडिओवाल्याचा प्रखर दिवा असेल तर त्याला सांगा, तेवढ्यापुरताच लाव.

३. मीठ, चाट मसाला, साखर (खर्च शून्य)

काकडीच्या कोशिंबिरीत आधीच मीठ घातलं तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. कमळाच्या पोटात फळांचे तुकडे भरून वर चाट मसाला भुरभुरला की तेच होतं. मीठ आणि साखर दोन्ही फळातलं पाणी बाहेर ओढतात. मसाला बाजूला वाटीत ठेवा, ज्याला हवा तो घेईल. हा एवढा बदल केल्यावर ताटातलं पाणी जवळजवळ बंद झालं, असं मला किमान चारजणींनी तरी सांगितलंय.

४. ओलावा आणि बर्फाचं पाणी

फवारणीची साधी बाटली घ्या, तीत पिण्याचं थंड पाणी भरा आणि दर अर्ध्या तासाने हलकंसं धुकं मारा. थेंब ओघळतील एवढं नको.

पाकळ्या हिरव्या-पांढऱ्या सालीच्या असतील आणि मलूल झाल्या असतील, तर त्या परत उभ्या राहू शकतात. बर्फाच्या पाण्यात १० मिनिटं बुडवा. सुकलेल्या पेशी पाणी शोषून पुन्हा टच्च होतात, पाकळी ताठ होते आणि थोडी उमलतेही. मुळ्याची आणि गाजराची फुलं याच युक्तीने उमलवतात. लाल गराला मात्र हे चालत नाही. त्याचा रंग आणि गोडी दोन्ही पाण्यात उतरतात आणि तो फिक्का पडतो. लाल भागाला फक्त फवारा.

बर्फ घरचा किंवा खाण्याचा म्हणून विकला जाणाराच घ्या. न खाण्याचा बर्फ निळसर रंगवलेला असावा असा नियम आपल्याकडे २०१८ मध्ये आला. तरी रंगावर विसंबण्यापेक्षा विचारून घेतलेलं बरं.

हॉटेलवाले फळावर चकाकीसाठी जेलीचा पातळ थर देतात. मी जिलेटिन लावून पाहिलं, आपल्या उन्हात ते पातळ होऊन ओघळलं आणि वर मुंग्या आल्या. चायना ग्रास ओघळत नाही, पण घरच्या कमळाला एवढा खटाटोप कशाला?

५. बूड

फळ लोळू नये म्हणून आपण खालून चकती कापतो. ती किती जाड, यावर सगळं अवलंबून. पांढऱ्या थरातच थांबलात तर ठीक. लाल दिसलं की तिथे भोक पडलं समजा, आणि वरचं सगळं वजन त्या भोकातून रस ढकलणार. सालीचा टवका निघेल एवढंच, अर्ध्या सेंटीमीटरच्या आत कापा.

त्याहून चांगली युक्ती आजीकडची: चुंबळ. जुन्या सुती पंच्याची चुंबळ करून परातीत ठेवा, वर केळीचं पान आणि त्यावर कमळ. बूड कापायलाच नको, आणि जे काही पाणी सुटेल ते पंचा पितो. माझं चैत्रांगण गेली दहा वर्षं यामुळेच कोरडं आहे.

बाजूची छोटी फुलं उभी करायला पूर्वी थर्माकोल वापरायचे. २०१८ च्या बंदीनंतर मी केळीच्या खांबाचा वीतभर तुकडा घेते. काड्या त्यात घट्ट बसतात, तो स्वतः ओलसर असतो आणि चैत्रात मंडपवाल्याकडे सहज मिळतो. काड्या टोचताना मोजा आणि काढतानाही मोजा, कारण लहान मुलं फळासकट काडी तोंडात घालतात.

६. सुरी

आता खर्च सुरू, पण अजून थोडाच. पिकलेल्या टोमॅटोवर सुरीचं पातं नुसतं ठेवा आणि न दाबता पुढे ओढा. साल चिरली तर धार आहे. टोमॅटो दबला, मग फुटला, तर त्या सुरीने कमळ कोरायचं नाही.

कारण असं: धारदार पातं पेशींच्या एका ओळीतून निघून जातं. बोथट पातं दोन्ही बाजूंच्या चार-चार ओळी चिरडत जातं, आणि प्रत्येक चिरडलेली पेशी आपलं पाणी सोडून देते. कोरताना कमळ छान दिसतं, पाणी तासाभराने सुटू लागतं, त्यामुळे दोष सुरीकडे जातच नाही. एकाच कलिंगडाच्या दोन अर्ध्या भागांवर मी एकदा दोन सुऱ्या वापरून पाहिल्या. दीड तासाने एका ताटात चमचाभर पाणी होतं आणि दुसऱ्यात आमटीची वाटी भरली असती.

पातं पातळ, चिंचोळं आणि टोकदार हवं. थायलंडमध्ये फळं कोरणं ही जुनी कला आहे. तिथल्या कोरायच्या सुरीचं पातं इतकं अरुंद असतं की ते गरात वळतं. ती मिळाली तर उत्तम. नाहीतर भाजीची छोटी सुरी धारवाल्याकडून लावून घ्या. करवतीच्या दात्यांची सुरी नको, ती चिरत नाही, फाडते.

७. कलिंगड

इथे नवीन फळ आणावं लागतं, म्हणून हा क्रमांक इतका खाली. पण खरेदी अजून व्हायची असेल तर हा भाग आधी वाचा.

खायला उत्तम ते कोरायला उत्तम, असं नसतं. घरोघरी येणारी छोटी, लांबट, गडद हिरवी कलिंगडं गोड असतात, पण त्यांची साल पातळ. पाकळीला कणा असतो तो पांढऱ्या थराचा, आणि तो तिथे जेमतेम असतो. कमळासाठी फिकट पट्टेवालं, मोठं, जाड सालीचं फळ मागा. पांढरा थर बोटाच्या जाडीचा मिळाला तर काम निम्मं झालं. हिरवा, पांढरा, लाल हे तीन रंगही मग नीट दिसतात.

जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग बघा. पांढराफटक म्हणजे कच्चं, गर गुलाबीच निघेल. गडद पिवळा म्हणजे पूर्ण पिकलेलं, खायला न्या. कोरायला फिकट पिवळा बरा, म्हणजे रंग आलाय पण गर अजून घट्ट आहे. सारख्या आकाराच्या दोन फळांतलं जड उचला. टिचकीचा आवाज सगळेच ऐकतात, मीही ऐकते, पण निर्णय डाग आणि वजन यांवरच घेते. विक्रेत्याला खाप काढून दाखवायला सांगू नका, तिथे तुमची पाकळी यायची असते.

कधी आत मधोमध मोठी फट निघते. फूल असताना परागीभवन नीट झालं नाही की असं होतं, तुमची किंवा विक्रेत्याची चूक नाही. फळ खायला चांगलं असतं, फक्त कमळ उथळ कोरा.

फळ कापण्याआधी वाहत्या नळाखाली, भाजीच्या ब्रशने घासून धुवा. साल आपण खात नाही हे खरं, पण सुरी सालीवरची माती आणि जंतू घेऊनच गरात शिरते.

८. पाकळी

वरचं सगळं बरोबर असूनही पाकळी तुटत असेल, तर आता हाताकडे बघायचं.

बहुतेकांची चूक एकच: पाकळी सगळीकडे सारख्या जाडीची. टोकाला पातळ आणि मुळाशी जाड हवी, हाताच्या नखासारखी. सुरी टोकाशी जवळजवळ आडवी धरून आत न्या आणि मुळाकडे येताना तिचं टोक हळूहळू खोल जाऊ द्या. मग पाकळीच्या मागून दुसरा तिरका छेद देऊन मधली फोड काढून टाका. तिथे जी सावली पडते तिच्यामुळेच पाकळी उठून दिसते. ती फोड न काढता पाकळी बोटाने मागे वाकवली की मुळात तडा जातो. तो लगेच दिसत नाही, तासाभराने पाकळी खाली येते.

दुसरी चूक म्हणजे शेजारच्या दोन पाकळ्यांचे छेद मुळाशी एकमेकांना भेटणं. मध्ये अर्धा सेंटीमीटर अख्खा गर राहिलाच पाहिजे. आधी सालीवर सुरीच्या टोकाने नुसती रेघ ओढून घ्या. बोटभर रुंद, खालच्या ओळीतल्या दोन पाकळ्यांच्या मध्ये वरच्या ओळीतली एक.

सराव थेट कलिंगडावर नको. अर्ध्या कच्च्या पपईवर करा, तिचा गर घट्ट असतो आणि चूक लगेच दिसते. तिचा चीक काहींच्या हाताला खाजतो, तेव्हा हातमोजे घाला.

(सफरचंदाचे हंस काळे पडतात, ही वेगळी तक्रार. ते सुकणं नाही, कापलेल्या भागाला हवा लागून रंग बदलणं आहे. कपभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस, किंवा अर्धा चमचा मीठ घालून ५ मिनिटं बुडवा आणि मिठाचं असेल तर धुऊन घ्या. केळं आराशीत अख्खंच बरं.)

कुठे थांबायचं

फेस, आंबूस वास, बुडबुडे किंवा बुळबुळीत स्पर्श: फळ आंबलंय. चव घेऊन खात्री करू नका. टाकून द्या.

कापलेलं फळ बाहेर २ तासांपेक्षा जास्त राहिलं तर ते खायला देऊ नका. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये ती वरच असते. फवारा मारून ते ताजं दिसतं, पण दिसण्याने जंतू कमी होत नाहीत. माझ्याकडे आराशीचं कलिंगड वेगळं आणि वाटायचं वेगळं. वाटायचं शेवटपर्यंत फ्रीजमध्ये असतं. आजेसासूबाईंना हे पटलं नव्हतं. शेवटी नैवेद्याची फोड ताज्या फळातली ठेवायची, यावर तह झाला.

रात्रभर फ्रीजमध्ये असूनही फळ गारच झालं नाही, दूधही लवकर नासतंय, तर कमळाचा नाद सोडा आणि फ्रीज दुरुस्तीवाल्याला बोलवा. आत ५ अंशांच्या खाली तापमान हवं.

सुरी हाताला लागली तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा. १०-१५ मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही, जखम उघडी दिसते, बोट वाकत नाही किंवा बधिर झालंय, तर दवाखान्यात जा. बोट न वाकणं म्हणजे आतला स्नायुबंध कापला गेलेला असू शकतो, तो हळद लावून जुळत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा.

आणि कमळाची शंभर माणसांसमोरची भव्य आरास हवी असेल, चार-पाच मोठी फळं, वर नावं कोरलेली, तर ते घरच्या सुरीचं आणि घरच्या फ्रीजचं काम नाही. केटररकडे कोरीवकाम करणारा माणूस असतो, त्याला आठवडाभर आधी सांगा. भाच्याच्या मुंजीला मी तेच केलं. नक्षीचे फोटो घेऊन बसले होते, तर तो मोबाइलकडे बघेचना. त्याने आधी विचारलं की कार्यालयात शीतपेटी किती मोठी आहे, आणि मग मान वर करून छताकडे बोट दाखवलं: "मावशी, तो पंखा तेवढा बंद करता येईल का?"